पीतांबर नेसला की धावून आला?

समासाचे, म्हणजे दोन शब्द जोडून झालेल्या एका शब्दाचे, चार प्रकार, त्यांचे पोटप्रकार, कुठे कोणतं पद प्रधान, हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय. अभ्यासिकेत दोन महिने काढलेल्या कुणालाही ते येतं. मलाही यायचं. तरी सरळसेवेच्या, म्हणजे थेट सरकारी भरतीच्या, परीक्षेत मी एका गुणाने राहिलो, आणि तो गुण कुठे गेला हे मला नेमकं माहीत आहे.

वाक्य होतं, ‘आजोबा पीतांबर नेसून पूजेला बसले.’ अधोरेखित शब्दाचा समास ओळखायचा होता. मी वाक्य वाचलंच नाही. शब्द पाहिला, डोक्यात तक्ता उघडला, बहुव्रीहीच्या, म्हणजे शब्दाबाहेरच्या कुणाला तरी दाखवणाऱ्या समासाच्या, रकान्यात दुसऱ्याच ओळीला पीतांबर: पीत आहे अंबर ज्याचे असा तो, विष्णू. गोल काळा केला आणि पुढे गेलो. वेळ वाचला म्हणून समाधानही वाटलं. उत्तर कर्मधारय होतं, विशेषण आणि नाम यांचा समास. पिवळे असे वस्त्र. जळगावहून चोपड्याच्या गाडीत बसलो तेव्हा कुठे ते ‘नेसून’ मला दिसलं. तो प्रवास अजून आठवतो.

हा सापळा नीट समजून घ्या, बाकीचं विसरलात तरी चालेल. ‘पीतांबर भक्तासाठी धावून आला’ यात धावणारा कुणीतरी आहे, म्हणून बहुव्रीही. ‘पीतांबर नेसला’ यात नेसण्याची वस्तू आहे, म्हणून कर्मधारय. शब्द तोच, अक्षरं तीच, फोड जवळजवळ तीच. निकाल क्रियापद देतं. आणि फोड सगळा अर्थ सांगते असंही समजू नका. माझ्या आजोबांचा पीतांबर जांभळा होता, तरी घरात सगळे त्याला पीतांबरच म्हणत. पीत म्हणजे पिवळा हे पाठ असलेल्याला जांभळा पीतांबर चूक वाटेल. मराठीत मात्र तो सोवळ्याचा रेशमी कद, रंग कुठलाही असो.

नीलकंठचंही तसंच. ‘नीलकंठाने विष प्राशन केलं’ म्हणजे शंकर. ‘तारेवर नीलकंठ बसला होता’ म्हणजे पक्षी. हा पक्षी आमच्या केळीपट्ट्यात मी पाहिलेला आहे. त्याचा कंठ तांबूस-तपकिरी असतो, निळाई पंखांत आणि शेपटीत. नुसती फोड करून त्याला शोधायला निघालात तर समोर बसलेला असूनही ओळखणार नाही.

संस्कृतात याची जुनी गोष्ट आहे. त्वष्टा या देवांच्या कारागिराला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. त्याने यज्ञात ‘इंद्रशत्रू’ म्हटलं, पण आघात चुकला. शेवटच्या स्वरावर जोर दिला असता तर तत्पुरुष, म्हणजे दुसरं पद प्रधान असलेला समास, झाला असता, इंद्राचा शत्रू, म्हणजे त्याला मारणारा. जोर पडला पहिल्या स्वरावर आणि झाला बहुव्रीही, इंद्र ज्याला मारणारा आहे असा. वृत्र हा पुत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. मराठीत तो आघातही राहिलेला नाही, म्हणून आपल्याला सगळा भरवसा वाक्यावर ठेवावा लागतो.

मला यातून बाहेर काढलं ते अभ्यासिकेतल्या एका ताईंनी. त्या नंदुरबारकडच्या, माझ्याहून तीन वर्षं पुढे. त्या म्हणाल्या, “भाऊ, तू आधी शब्द फोडतोस आणि मग वाक्यात बसवतोस. उलटं कर. शब्दावर अंगठा ठेव, बाकीचं वाक्य वाच, आणि तिथे साधा कोणता शब्द चालेल ते तोंडाने बोल. मग अंगठा काढ.” मी आजही हेच करतो. सुरुवातीला वेळ जातो. महिनाभराने डोळाच आधी क्रियापदावर जातो.

तक्ता पाठ करायला सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो. “तक्ता पाठ कर भो, दोन मार्क फिक्स,” असं मलाही सांगणारे होते आणि शिकवणीतही तेच सांगितलं गेलं. एकदा हातगाडी, हातमाग, हातरुमाल, हातखर्च, हातउसने हे पाच शब्द शेजारी लिहून बघा. गाडी हाताने ढकलतात, माग हाताने चालतो, रुमाल हातात असतो, हातखर्च म्हणजे किरकोळ खर्चाला जवळ ठेवलेला पैसा आणि हातउसने म्हणजे कागद न करता घेतलेले. ‘हात’ एकच, नातं दर वेळी वेगळं. ते तक्त्यात मावत नाही. ते वापरातून कळतं, आणि तो वापर तुमच्याकडे लहानपणापासून आहे. शेवभाजी म्हणजे शेव आणि भाजी असं खानदेशात कुणी समजत नाही. शेव घालून केलेली भाजी हे आपण मध्यमपदलोपी, म्हणजे मधलं पद गाळलेला समास, हे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी शिकलेलो असतो. घरात अहिराणी बोलता म्हणून आपलं मराठी कच्चं, हा न्यूनगंड आधी सोडा.

द्वंद्वात, म्हणजे दोन्ही पदं सारखीच महत्त्वाची असतात त्या समासात, एक खूण फार उपयोगी पडते. ‘आईवडील आले’ अनेकवचनी, दोघं वेगळे उभे आहेत, इतरेतर. ‘मीठभाकर गोड लागते’ एकवचनी, सगळं साधं जेवण एका शब्दात, समाहार. समास ओळखला तरी अर्थ हाती येईलच असंही नाही. पाहुण्यांचं चहापाणी आणि कचेरीत मागितलेलं चहापाणी, दोन्ही समाहारच, पण दुसऱ्यात चहाही नाही आणि पाणीही नाही. ‘त्याला बरंवाईट कळतं’ इथे बरं किंवा वाईट अशी निवड आहे. ‘जिवाचं बरंवाईट केलं’ इथे नुसतं वाईट उरतं. शब्दार्थाचे प्रश्न इथूनच येतात.

नुसता शब्द दिला आणि वाक्यच नसेल तर? घाबरू नका, अशा वेळी पर्याय वाचा. पीतांबरसमोर कर्मधारय नसेल तर प्रश्नच नाही. दोन्ही असतील तर मी रूढ उत्तर देतो, बहुव्रीही, आणि उत्तरतालिका आली की हरकतीची शेवटची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवतो. हरकतीसोबत दोन्ही विग्रह, म्हणजे फोडी, आणि दोन्ही वाक्यं जोडायची.