विषय सोडण्याआधी शुल्क परताव्याची मुदत पाहा

विद्यापीठातील एखादा विषय किंवा संपूर्ण सत्र सोडल्यावर शुल्कापैकी किती रक्कम परत मिळेल, हे प्रामुख्याने लेखी अर्ज कार्यालयात कोणत्या तारखेला नोंदवला गेला यावर ठरते. वर्गात जाणे थांबवले की प्रवेश आपोआप रद्द होतो, असा अनेकांचा समज असतो; प्रत्यक्षात अर्ज नसेल तर नाव पटावर राहते, शुल्काची आकारणी चालू राहते आणि शेवटी गुणपत्रिकेवर अनुत्तीर्ण असा शेराही येऊ शकतो. परतावा सहसा टप्प्याटप्प्याने घटतो: सत्र सुरू होण्यापूर्वी जवळपास पूर्ण रक्कम, पहिल्या काही आठवड्यांत तिचा कमी होत जाणारा हिस्सा आणि त्यानंतर काहीच नाही. विषय सोडण्याची अंतिम तारीख आणि परताव्याची अंतिम तारीख वेगवेगळ्या असू शकतात, हे आवर्जून तपासावे. गुणपत्रिकेवरचा अनुत्तीर्ण शेरा टळतो, पण पैसे जातात, असे याच गोंधळातून घडते.

नोंदणी शुल्क बहुधा परत मिळत नाही. शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर परताव्याची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती न येता आधी तिकडे वळवली जाऊ शकते, शिवाय विषय कमी झाल्याने पूर्णवेळ विद्यार्थ्याचा दर्जा गेल्यास उरलेल्या मदतीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून अर्जापूर्वी आर्थिक साहाय्य विभागाशी बोलणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गंभीर आजारपणासारख्या कारणासाठी अनेक ठिकाणी मुदतीनंतरही विनंती करता येते, मात्र तिला वैद्यकीय कागदपत्रे जोडावी लागतात. रक्कम खात्यात जमा होईपर्यंत अर्जाची तारीख असलेली पोच जपून ठेवावी.