स्वस्तातला आयरिस परफ्यूम कसा निवडायचा, आणि मुंबईत कसा वापरायचा

डिओर कंपनीचा ‘डिओर ओम’ हा पुरुषांचा परफ्यूम 2005 ला आला, परफ्यूमर ऑलिव्हिए पोल्ज यांनी बनवलेला, आणि पुरुषांच्या बाटलीत आयरिस (एका फुलझाडाच्या मुळाचा वास) एवढा उघड उघड घातलेला तेव्हा फारसं कोणी बघितलं नव्हतं. (दुकानात ‘ओम’ म्हणू नका, ‘होम’ म्हणा, नाहीतर माणूस अगरबत्ती दाखवेल.) ओरिजिनल बाटली परवडत नाही म्हणून आपल्यासारखे लोक त्याच्यावरून बनवलेले दीड-दोन हजारवाले शोधतात, त्यात काही चूक नाही, फक्त घाई करायची नाही.

आधी हे विचारा की नक्कल कशाची आहे. 2005 चा वेगळा, त्यात आयरिससोबत कोको आणि लेदर, 2007 चा इंटेन्स त्याहून गोड आणि जाड, आणि 2020 ला त्याच नावाने जो आला तो लाकडी वासाचा, त्यात आयरिस शोधावा लागतो. डब्यावर नुसतं ‘डिओर होम टाइप’ लिहिलंय म्हणून घेतलंत आणि निघाला 2020 वाला, तर रडू नका.

आता आयरिसचा वास म्हणजे काय. फुलाचा नाही, मुळाचा. आपल्याकडे बाळाला उगाळून देतात ते वेखंड आठवा, तशाच जमिनीतल्या गाठी, सोलून वाळवायच्या आणि तीन-चार वर्षं नुसत्या ठेवून द्यायच्या, कारण ताज्या गाठीला तो वास नसतोच, ठेवल्यावर हळूहळू आयरोन नावाची वासाची द्रव्यं तयार होतात तेव्हा येतो. म्हणून खरा माल प्रचंड महाग. दीड हजाराच्या बाटलीत बहुतेक काम आयोनोन जातीची, साधारण तसाच वास देणारी केमिकल्स करतात. खोक्यावर बारीक अक्षरात ‘अल्फा आयसोमिथिल आयोनोन’ दिसतं ते त्यातलंच (बाकी परफ्यूममध्येही असतं, त्यामुळे तेवढ्यावर पैसे टाकू नका). वास कसा म्हणाल तर आईची जुनी पर्स उघडल्यावर येतो तसा, पावडर, लिपस्टिक, आणि खाली थोडं कच्चं गाजर. स्वस्त मालात पावडर येते पण गाजर येत नाही, मी तरी त्यावरूनच ठरवतो.

टेस्ट करताना कागदाच्या पट्टीवर भरोसा ठेवू नका, आणि एसी दुकानात तर अजिबात नको, तिथे सगळंच छान वाटतं. मनगटावर एक स्प्रे मारा, पैसे न देता बाहेर पडा, क्रॉफर्ड मार्केटला असाल तर सीएसएमटीपर्यंत चालत जा, घाम येऊ द्या. पहिली दहा मिनिटं अल्कोहोल आणि लव्हेंडर, ती मोजायचीच नाहीत. अर्ध्या तासाने हात नाकाशी न्या, आता फक्त गोड व्हॅनिला उरला असेल तर सोडा, कोरडी मातकट पावडर अजून असेल तर परत जा आणि घ्या. मी एकदा हे न करता थेट घेतला होता, मे महिन्यात, आणि हौसेने पाच स्प्रे मारून 8:12 ची फास्ट पकडली. अंधेरीला शेजारच्या काकांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, “मिसेसची बाटली उचलली का रे?” दादरला उतरून मी नळावर मान धुतली.

तेव्हापासून उन्हाळ्यात दोन स्प्रे, एक छातीवर बनियनच्या आत, एक मानेच्या मागे, बस. डिसेंबर-जानेवारीत चार चालतात, संध्याकाळच्या लग्नाला तर हा वास मस्तच बसतो. एक गोष्ट मात्र नक्की पाळा, याच्याबरोबर अंगाला टाल्कम लावायची नाही, पावडरवर पावडर म्हणजे तुम्ही चालता बोलता ड्रेसिंग टेबल. पांढऱ्या शर्टावर थेट मारू नका, काही स्वस्त परफ्यूमचा रंग डाग पाडतो.

ट्रेनमध्ये कोणाला त्रास नको असेल तर मोहम्मद अली रोडला अत्तरवाल्याकडे याच वासाचं तेल मिळतं का बघा, पूर्ण तोळा न घेता पाव तोळा घ्या, कानामागे एक टिपका पुरतो. तेलाचा वास लांब जात नाही पण अंगाशी छान धरून राहतो, आयरिसला तसंही तेच शोभतं.

बाटली बाथरूममध्ये नाही, खिडकीत नाही, कपाटात अंधारात ठेवा. आणि डांबरगोळ्यांपासून लांब, माझ्या पहिल्या बाटलीच्या खोक्याला अजून आधी डांबर येतं आणि मग आयरिस.