हामामात्सुजवळ घर शोधताय? आधी तेनहामा मार्ग समजून घ्या

जपानमधल्या हामामात्सुला नोकरीसाठी येणारा मराठी माणूस बहुधा मोटार-मोटरसायकलच्या धंद्यातला असतो. कंपनीने शहराच्या मध्यावर घर दिले तर रेल्वेची फारशी चिंता नाही. खरी अडचण स्वतः घर शोधणाऱ्यांची होते. हामाना सरोवराच्या उत्तरेला भाडे कमी, जागा मोठी, आणि नकाशावर बाजूने रेल्वेची रेघही गेलेली दिसते. मग ‘स्टेशन दहा मिनिटांवर’ असे वाचून करार होतो. ती रेघ म्हणजे तेन्र्यू हामानाको रेल्वे, लोकांच्या तोंडी तेनहामा. ती हामामात्सु स्टेशनला जातच नाही, हे आधी लक्षात घ्या.

काकेगावापासून शिंजोहारापर्यंत ६७.७ किलोमीटर, ३९ स्थानके, एकेरी रूळ, विजेच्या तारा नाहीत, डिझेलवर चालणारे डबे. दोन्ही टोकांना हा मार्ग जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, तोकाइदो या मुख्य मार्गाला मिळतो, पण मधल्या भागात शहराला बगल देऊन सरोवराच्या उत्तरेने मोठा वळसा घेतो. या टोकापासून त्या टोकाला जायला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेच अंतर जेआरने हामामात्सुमार्गे साधारण तासाभराचे. म्हणजे काकेगावाहून शिंजोहाराला पोचण्यासाठी तेनहामाने कोणी जात नाही. मधल्या गावांना जोडण्यापुरताच तिचा उपयोग.

असा विचित्र मार्ग का, तर तो मुळात प्रवाशांसाठी आखलेलाच नव्हता. तोकाइदो मार्ग हामाना सरोवराच्या तोंडाशी, समुद्राला अगदी लागून पूल ओलांडतो. शत्रूच्या युद्धनौकांनी तिथे तोफा डागल्या तर तोक्यो आणि ओसाका यांच्यामधली वाहतूक तुटेल, ही लष्कराची धास्ती. म्हणून किनाऱ्यापासून दूर, डोंगरांच्या पायथ्याने पर्यायी रस्ता हवा होता. काकेगावा ते एन्शू-मोरी हा तुकडा १९३५ साली सुरू झाला, पश्चिमेकडूनही काम येत गेले आणि १ जून १९४० रोजी सगळा फुतामाता मार्ग, हे तेनहामाचे तेव्हाचे नाव, जोडला गेला. वळसा घालायची ही कल्पना काही नवी नव्हती. जुन्या काळी सरोवराच्या तोंडाशी नावेतून जाणे टाळणारे लोक याच बाजूने, किगा आणि मिक्काबीवरून जाणाऱ्या हिमे काइदो रस्त्याने जात. किगाला त्या रस्त्यावरचे तपासणी नाके होते.

युद्ध संपल्यावर पर्यायी रस्त्याचे महत्त्व संपले, आणि राष्ट्रीय रेल्वेला तोटा देणाऱ्या मार्गांच्या यादीत फुतामाता मार्गही आला. १९८० च्या कायद्याने अशा मार्गांपुढे दोनच पर्याय ठेवले: बस, नाहीतर मार्ग दुसऱ्या कंपनीकडे सोपवणे. इथे स्थानिक सरकारे आणि उद्योग यांच्या भागीदारीतली कंपनी उभी राहिली आणि १५ मार्च १९८७ ला, राष्ट्रीय रेल्वेचे जेआरमध्ये विभाजन होण्याच्या पंधरवडाभर आधी, मार्ग तिच्या हातात आला. नव्या मालकाने पहिले काम केले ते लोक जिथे राहतात आणि कामाला जातात तिथे छोटी स्थानके काढण्याचे. आस्मो-माए हे नाव त्यातूनच आले, कारखान्याच्या दारातले स्थानक. आस्मो कंपनी २०१८ साली देन्सोमध्ये विलीन झाली, स्थानकाचे नाव मात्र टिकले. मोरीमाची ब्योइन-माए हे सर्वांत नवे, २०१५ चे, मोरी गावच्या रुग्णालयासाठी.

आता घराचा हिशोब. काम हामामात्सु शहरात असेल तर तेनहामावरचे एकच स्थानक खऱ्या अर्थाने सोयीचे आहे: निशी-काजिमा. तिथे एन्शू रेल्वे मिळते, लोक तिला आकादेन म्हणजे लाल गाडी म्हणतात. १७.८ किलोमीटर, १८ स्थानके, दिवसभर दर बारा मिनिटांनी गाडी, आणि अर्ध्या तासाहून थोड्याच वेळात शिन-हामामात्सु. तिथून जेआरचे हामामात्सु स्टेशन चालत काही मिनिटांवर. त्यामुळे तेनहामावर घर घेण्यापेक्षा आकादेनवर घ्या आणि तेनहामा सुटीच्या दिवसासाठी ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. काम शेजारच्या कोसाई शहरातल्या कारखान्यात असेल तर गणित उलटते. तेव्हा शिंजोहारा किंवा जेआरचे वाशिझु धरा, आणि तेनहामाचा विचार आस्मो-माए किंवा ओमोरीजवळ घर असेल तरच करा. काम मियाकोदाच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर ‘मियाकोदा’ या नावाचे स्थानक आहे म्हणून हुरळू नका. कारखान्याच्या फाटकापासून स्थानकापर्यंतचे चालण्याचे अंतर नकाशावर मोजा, आणि ते पावसाळ्यात व जानेवारीच्या वाऱ्यात रोज चालवेल का हे ठरवा.

पत्ता वाचताना आणखी एक घोळ होतो. १ जानेवारी २०२४ पासून हामामात्सुचे सात प्रभाग तीन झाले: चूओ, हामाना आणि तेन्र्यू. जुन्या जाहिरातींत किगा, मिक्काबी, मियाकोदा यांच्यापुढे ‘किता-कु’ असते, कु म्हणजे प्रभाग. आता ही गावे हामाना-कुमध्ये आहेत. निशी-काजिमा आणि तेन्र्यू-फुतामाता तेन्र्यू-कुमध्ये. निवासाची नोंद आणि बँकेचे कागद नव्या नावाने भरा, नाहीतर दोन कागदांवर दोन पत्ते होऊन खिडकीवर अडवणूक होते.

प्रवासाची पद्धत एकदा कळली की सोपी आहे. बहुतेक गाड्या एका डब्याच्या, आणि चालक एकटाच. तिकीट तपासनीस नाही. बहुतेक स्थानकांवर कर्मचारी नसतात. अशा ठिकाणी मागच्या दाराने चढायचे आणि दाराजवळच्या यंत्रातून बाहेर आलेला छोटा कागद ओढून घ्यायचा. त्याला सेइरिकेन म्हणतात. त्यावर चढलेल्या स्थानकाचा क्रमांक असतो. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर तोच क्रमांक शोधायचा. त्याखाली जो आकडा दिसेल ते तुमचे भाडे, आणि गाडी पुढे जाईल तसा तो वाढतो. उतरताना पुढच्या दाराशी, चालकाजवळच्या पेटीत कागद आणि नेमके पैसे टाकायचे. कागद घेतला नाही तर गाडी निघाली त्या स्थानकापासूनचे भाडे मागितले जाऊ शकते. दोन डबे जोडलेले असले तर कर्मचारी नसलेल्या स्थानकांवर फक्त पुढच्या डब्याची दारे उघडतात. मागच्या डब्यात झोप लागली तर स्थानक हातचे जाते.

पैशांच्या पेटीतून सुटे परत मिळत नाहीत. शेजारच्या यंत्रात हजार येनची नोट किंवा मोठे नाणे मोडून आधी सुटे करून घ्यावे लागतात, तेही गाडी थांबलेली असताना. पाच हजार, दहा हजारांची नोट घेऊन चढू नका. जेआरचे तोइका किंवा सुइका कार्ड इथे चालत नाही, एन्शू रेल्वेचे नाइस पासही नाही. यातून सर्वांत जास्त गोंधळ होतो तो काकेगावा आणि शिंजोहाराला. तेनहामाची इमारत जेआरच्या शेजारी, पण वेगळी आहे. जेआरने कार्ड टेकवून आलात तर आधी जेआरच्या फाटकातून कार्ड टेकवून बाहेर पडा, मगच तेनहामाचे तिकीट काढा. कार्डावर प्रवास अर्धवट राहिला तर पुढच्या वेळी फाटक उघडत नाही. रोज जाणाऱ्याने तेइकिकेन म्हणजे पास काढावा. कंपनी प्रवासखर्च देत असेल तर पासाची छायाप्रत मागते, हेही विसरू नका. तेनहामा आणि एन्शू रेल्वे मिळून एका दिवसाचे एकत्र तिकीटही आहे. पूर्वेचे आणि पश्चिमेचे असे दोन प्रकार आहेत, म्हणून विकत घेताना दिशा सांगा.

मुंबईच्या लोकलची सवय इथे सर्वांत आधी सोडावी लागते. वेळापत्रकात डावीकडे तास आणि त्यापुढे मिनिटे लिहिलेली असतात. बहुतेक तासांपुढे एकच आकडा. ती एक गाडी गेली की पुढच्या तासापर्यंत काही नाही. मार्ग एकेरी असल्याने समोरून येणारी गाडी आल्याशिवाय आपली गाडी स्थानकातून हलत नाही. त्यामुळे एका गाडीचा उशीर दुसरीला लागतो, आणि निशी-काजिमाला आकादेन हुकते. जोडगाडी पकडायची असेल तर एक गाडी आधीची धरा. नेहमीच्या डब्यांत शौचालय नाही. लांबच्या प्रवासाआधी हे काम स्थानकावरच उरका.

तेन्र्यू-फुतामाताला मुद्दाम उतरण्यासारखे आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळातली, इंजिनाचे तोंड वळवायची फिरकी आणि इंजिनांची पंख्याच्या आकाराची शेड आजही वापरात आहे, आणि ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासह आतून दाखवतात. या मार्गावरच्या एकूण ३६ वास्तू राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेल्या आहेत. थंडीत हामानाको-साकुमेच्या फलाटावर सीगल पक्ष्यांची झुंबड असते, आणि मिक्काबीची संत्री त्याच सुमारास बाजारात येतात.

पाऊस जोराचा असेल किंवा वादळ येणार असेल तर आधीच गाड्या रद्द होतात. स्थानकावर कर्मचारी नसल्याने बातमी फलाटावर कळणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. तिथे उनक्यू दिसले तर गाडी नाही, ओकुरे दिसले तर उशीर, दाइको बस म्हणजे बदली बस. उशीर झाला तर कर्मचारी असलेल्या स्थानकावर चिएन शोमेइशो, उशिराचा दाखला, मागून घ्या. जपानी साहेब तोंडी कारण ऐकून घेतो, पण हजेरीच्या नोंदीला कागद लागतो. शेवटची गाडी शहरातल्या मानाने लवकर सुटते. संध्याकाळी कंपनीच्या मंडळींबरोबर जेवायला बसण्याआधी तिची वेळ फोनमध्ये गजर लावून ठेवा. निशी-काजिमापर्यंत पोचलात तरी पुढे तेनहामा नसेल तर टॅक्सीला पर्याय नाही, आणि रात्री तीही फोन करूनच बोलवावी लागते.