किमान वेतनाची थकबाकी कशी मागावी

किमान वेतनापेक्षा कमी पगारावर काम करण्यास कामगाराने लेखी संमती दिली असली, तरी त्या संमतीला कायद्यात काडीचीही किंमत नाही. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात ही तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती कायम आहे. दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये अशा कमी मजुरीला वेठबिगारीच ठरवले. त्यामुळे ‘मी तर सही करून बसलो’ या संकोचाने कोणी मागे राहू नये.

दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. महाराष्ट्रात किमान वेतनाचा दर उद्योग, परिमंडळ (म्हणजे कामाचे ठिकाण ज्या भागात मोडते तो विभाग) आणि कुशल, अर्धकुशल किंवा अकुशल अशा वर्गवारीनुसार ठरतो. त्यात मूळ दराखेरीज दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ताही असतो, आणि नेमका तोच मोजायचा राहून जातो. समजा, देय रक्कम दरमहा १४,००० रुपये असताना हातात ११,००० पडत असतील, तर १८ महिन्यांची तूट ५४,००० रुपये होते. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने वेगळा मांडावा.

वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. आपण तेथे कामाला होतो, एवढे मात्र कामगाराला दाखवता आले पाहिजे. त्यासाठी ओळखपत्र, हजेरीचे फोटो, बँकेचे पासबुक, भविष्य निर्वाह निधीची नोंद, मुकादमाचे मोबाइलवरील संदेश असे सारे जपावे. पगार खात्यात पूर्ण जमा करायचा आणि त्यातील काही भाग रोखीने परत मागायचा, ही पळवाट फार चालते. तसे होत असेल तर परत दिलेली रक्कम त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहावी, कारण पासबुक अशा वेळी मालकाच्याच बाजूने बोलते.

दावा दिवाणी न्यायालयात नव्हे, तर सरकारने त्यासाठी नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्यापुढे चालतो. तो अधिकारी कोण, हे जिल्ह्यातील कामगार खात्याच्या कार्यालयात विचारावे. रेल्वे, खाणी किंवा बँकांतील कामगारांसाठी केंद्र सरकारची यंत्रणा आहे. अर्ज कामगार स्वतः, तो सभासद असलेली नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. अनेकांसाठी एकच अर्जही चालतो, आणि माझ्या मते तोच मार्ग धरावा, कारण एकट्याला कामावरून काढणे सोपे असते. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांनी मूळ आस्थापनेचे, म्हणजे जिच्यासाठी प्रत्यक्ष काम होते त्या कंपनीचे, नावही अर्जात घालावे, कारण कंत्राटदाराने पैसे बुडवले तर जबाबदारी तिच्यावर येते. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्यावी.

संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. सबळ कारण असल्यास त्यानंतरचा अर्जही घेता येतो. जुन्या अधिनियमात मात्र ती सहा महिनेच होती, म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीची थकबाकी स्वतंत्र दाखवून विलंबाचे कारण लिहावे.

थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर होऊ शकते. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे संहिता सांगते, पण तेवढ्यावर विसंबू नये. आदेशानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. निकालाविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तेथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.