लाइनअपला उभं राहण्याआधी: नव्या स्की-स्नोबोर्ड प्रशिक्षकाची शब्दांची तयारी

पहिल्या हंगामाला निघताना बूट, गॉगल, हातमोजे यांची यादी सगळेच करतात. शब्दांची कुणी करत नाही. मग पहिल्याच सकाळी सुपरवायझर एका दमात सांगतो, "तू आधी शॅडो कर, स्प्लिटनंतर नेव्हर-एव्हर घे, दुपारी स्टँडबाय," आणि पुढच्या माणसाकडे वळतो. नवा प्रशिक्षक नुसती मान डोलावतो. ही यादी त्या सकाळसाठी आहे.

सुरुवात एका छोट्या वहीपासून करा. तिचे दोन भाग पाडा: एकात सहकाऱ्यांशी बोलायचे शब्द, दुसऱ्यात शिकणाऱ्यांपुढे बोलायचे. माझ्या मते या धंद्यात शब्द पाठ होणं फार अवघड नाही, ते आठवडाभरात कानावर पडून बसतात. अवघड आहे ते पहिल्या भागातला शब्द दुसऱ्या भागात सांडू न देणं.

पहिल्या भागात आधी कामाच्या वाटपाचे शब्द लिहा. लाइनअप म्हणजे सकाळी सगळे प्रशिक्षक जमतात आणि कुणाला कोणता वर्ग ते ठरतं ती वेळ. स्प्लिट म्हणजे आलेल्या लोकांना थोडं चालवून, सरकवून पाहून पातळीप्रमाणे गट पाडणं. नेव्हर-एव्हर म्हणजे ज्याने आयुष्यात कधी स्की पायाला लावली नाही तो. शॅडो करणं म्हणजे जुन्या प्रशिक्षकाच्या वर्गामागून फिरून त्याचं काम पाहणं. स्टँडबाय म्हणजे तयार होऊन थांबा, वर्ग मिळेलच असं नाही. त्या वेळेचे पैसे मिळतात की नाही हे करारावर सही करतानाच विचारून घ्या, नंतर विचारायला जीभ रेटत नाही. प्रायव्हेट म्हणजे एकट्याची किंवा एका कुटुंबाची शिकवणी, आणि रिक्वेस्ट म्हणजे कुणीतरी नाव घेऊन तुम्हालाच मागितलं. आणि 'उद्या क्लिनिक आहे' ऐकून घाबरू नका, हा दवाखाना नव्हे. प्रशिक्षकांच्याच सरावाच्या सत्राला क्लिनिक म्हणतात.

स्वतःची पातळी सांगताना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव जोडायची सवय आत्ताच लावा. 'मी लेव्हल टू' एवढ्याने काहीच कळत नाही. अमेरिकेतल्या पीएसआयए-आसीमध्ये तीन पातळ्या आहेत, ब्रिटनच्या बासीमध्ये आणि कॅनडाच्या सीएसआयएमध्ये चार. एकीकडची दोन म्हणजे दुसरीकडची दोन नव्हे. तसंच एका देशात शिकून दुसऱ्या देशात कामाला जात असाल, तर जोड्या लिहून ठेवा. ब्रिटिश माणसाचा स्नोप्लाउ (स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब) तो अमेरिकनाचा वेज, त्याची पिस्ट (आखलेला उतार) ती याची ट्रेल किंवा रन, त्याचा नर्सरी स्लोप (नवशिक्यांचा उतार) तो याचा बनी हिल. उतार किती अवघड ते सांगणाऱ्या रंगांत तर गफलत परवडतच नाही. युरोपात निळ्यानंतर लाल आणि मग काळा येतो. उत्तर अमेरिकेत लाल नसतोच. हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा अशी चढण असते. 'मला निळ्यावर जमतं' असं कुणी म्हणालं, तर कुठल्या देशातल्या निळ्यावर, हे आधी विचारा.

सामानाच्या शब्दांवर फार वेळ घालवू नका, पण तीन गोष्टी पक्क्या हव्यात. बुटाचा माप-आकडा पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवरून येतो. फ्लेक्स म्हणजे बूट किती कडक ते सांगणारा आकडा, पण त्याला सगळ्या कंपन्यांचं एकच प्रमाण नाही. एकीचा नव्वद दुसरीच्या नव्वदासारखा वाकेलच असं नाही. तिसरी गोष्ट डिन. पडल्यावर बाइंडिंगने, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या जोडाने, बूट किती जोराला सोडायचा हे डिन आकड्यावर ठरतं, आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत पाहून लावतात. पालक म्हणेल, "जरा घट्ट करून द्या ना." खिशात स्क्रूड्रायव्हर असला तरी हात लावायचा नाही. ते दुकानातल्या तंत्रज्ञाचं काम.

सकाळचं बर्फपत्रक वाचायलाही शिका, कारण ते फार सभ्य भाषेत लिहिलेलं असतं. 'फर्म' असं दिसलं की बहुधा निसरडं, टणक बर्फ समजा. 'व्हेरिएबल' म्हणजे दर दहा पावलांवर वेगळं. कॉर्डरॉय म्हणजे ग्रूमर यंत्राने रात्री फिरून कापडासारख्या उभ्या रेघा पाडलेला ताजा उतार. नवशिक्यांसाठी याहून चांगलं काही नाही. फ्लॅट लाइट म्हणजे ढगाळ उजेडात सावल्याच पडत नाहीत आणि खड्डा-उंचवटा दिसत नाही अशी स्थिती. अशा दिवशी वर्ग झाडांच्या कडेला घ्या, नजरेला काहीतरी धरायला मिळतं.

आता वहीचा दुसरा भाग. इथे रेंगाळा, कारण तुमची कमाई इथेच आहे. सगळ्यात महत्त्वाचा शब्द फॉल लाइन, आणि सगळ्यात जास्त गोंधळ घालणाराही तोच. भेदरलेल्या माणसाला त्यात फक्त 'फॉल' ऐकू येतो, म्हणजे पडणं. त्याला सांगा, इथे पाण्याचा तांब्या उपडा केला तर धार ज्या वाटेने खाली जाईल ती ही रेषा. आणि पुढचंही सांगा, की उतार जसा फिरतो तशी ही रेषाही फिरते, ती रस्त्याच्या मधोमध असेलच असं नाही. एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं. रेषेला आडवं जाणं ते ट्रॅव्हर्स, स्की आडव्या ठेवून रेषेवरून हळूहळू खाली घसरणं ते साइडस्लिप, ओलांडून पलीकडे जाणं ते वळण.

दुसरी अडचण बाहेरची स्की आणि खालची स्की. वळण पुरं होता होता बाहेरचीच स्की खाली येते, म्हणून प्रशिक्षक दोन्ही शब्द एकाच पायाला वापरतात आणि शिकणारा चक्रावतो. एका वर्गात एकच जोडी वापरा. मला विचाराल तर पहिल्या दिवशी दोन्ही नकोत. "डावीकडे वळायचंय, उजव्या पायावर उभे राहा," एवढं पुरतं. मुलांसाठी पिझ्झा आणि फ्रेंच फ्राइज हे शब्द जगभर चालतात: पुढची टोकं जवळ आणि मागची लांब म्हणजे पिझ्झा, दोन्ही स्की समांतर म्हणजे फ्राइज. टोकं एकमेकांशी जोडणाऱ्या छोट्या रबरी पट्टीला एजी-वेजी म्हणतात; ती खिशात असू द्या. मोठ्या माणसांना मात्र पिझ्झा म्हणण्याआधी चेहरा बघा, काहींना ते लहान पोरासारखं वागवल्यासारखं वाटतं.

स्नोबोर्डवाल्यांनी रेग्युलर आणि गूफी आधी लिहावेत. डावा पाय पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी. यात चांगलं-वाईट काही नाही हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गूफी म्हणजे वेंधळा असा अर्थ ज्याला माहीत असतो तो उगाच खट्टू होतो. गुळगुळीत फरशीवर घसरताना कोणता पाय आपसूक पुढे जातो ते विचारा, लिहिता हात विचारू नका. मग हीलसाइड आणि टोसाइड, म्हणजे टाचेची कड आणि बोटांची कड. फॉलिंग लीफ हे नाव मला फार आवडतं: एकाच कडेवर राहून, गळलेल्या पानासारखं डावी-उजवीकडे झुलत खाली यायचं. आणि 'एज पकडली' म्हणजे उताराच्या बाजूची कड बर्फात रुतून माणूस क्षणात आदळला. याची व्याख्या नको, आधीच इशारा हवा.

काही शब्द ऐकून ठेवा पण तोंडात आणू नका. यार्ड सेल म्हणजे पडल्यावर स्की, काठ्या, टोपी असं सगळं उतारभर विखुरणं. जेरी आणि गेपर हे अनाडी माणसाला चिडवायचे शब्द. लिफ्टच्या रांगेत तुमच्या पाठीमागे नेमकं त्याच माणसाचं कुटुंब उभं असतं.

लिफ्टचे शब्द थोडे आहेत, पण ते शब्दशः पाठ हवेत. मॅजिक कार्पेट हा नवशिक्यांना वर नेणारा सरकता पट्टा. चेअरलिफ्टवर बसणं ते लोड, उतरणं ते अनलोड, 'टिप्स अप' म्हणजे उतरण्याआधी स्कीची टोकं वर. बसल्यावर समोर येणारा सुरक्षेचा बार कुणी आणि केव्हा खाली घ्यायचा, वेग कमी करायला चालकाला कोणती खूण करायची, हे त्या त्या ठिकाणच्या चालकाला वर्गाआधी विचारा. कोणतं मूल कोणत्या मोठ्या माणसाशेजारी बसणार तेही रांगेत शिरण्यापूर्वी ठरलेलं असावं.

वॉकी-टॉकीवर बोलायचं वाक्य मात्र आरशासमोर म्हणून पाहा. अपघात झाला की डोकं रिकामं होतं, म्हणून क्रम ठरवून ठेवा: मी कोण, कोणत्या उतारावर, लिफ्टच्या कितव्या खांबाजवळ, माणूस शुद्धीवर आहे का, कुठे लागलंय. खांबांवर आकडे असतात. पहिल्याच फेरीत ते बघून ठेवा. बोलण्याआधी जखमी माणसाच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणाऱ्यांना दिसेल. टोबोगन म्हणजे स्की पॅट्रोलची, उतारावरच्या बचाव पथकाची, जखमीला खाली नेणारी घसरगाडी. काही रिसॉर्टवर अपघातासाठी आकड्यांचे संकेत असतात, ते तिथल्याच माणसाकडून शिका. एका डोंगराचा आकडा दुसऱ्या डोंगरावर वापरू नका.

शेवटी दिवस संपतानाची चिठ्ठी. मुलाच्या प्रगतिपत्रकावर 'वेज टर्न, लेव्हल टू' एवढंच लिहून देऊ नका. 'दोन्हीकडे वळतो, सांगितल्यावर थांबतो, उद्या पुन्हा याच उतारावर' असं लिहा. ते उद्या येणाऱ्या प्रशिक्षकाला कळतं आणि घ्यायला आलेल्या आजोबांनाही. आणि आजोबांचं नाव ताब्यात देण्याच्या चिठ्ठीवर आहे की नाही ते पाहूनच मुलाचा हात सोडा.