मानेला जबर मार लागला तर काय करायचं
गाडीचा अपघात, उंचावरून पडणं, उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणं, मानेला मार बसतो तो बहुतेक असाच. आणि सगळ्यात मोठी चूक होते ती लगेच, लोक धावत येतात आणि माणसाला उचलून बसवतात. प्लीज असं करू नका! मानेत ७ मणके असतात, त्यातला एखादा तुटून सरकला तर आतली मज्जारज्जू (मेंदूतून खाली जाणारी नसांची दोरी) दबते, हातपाय कायमचे जाऊ शकतात, वरच्या भागात दबली तर श्वासच बंद पडतो. म्हणून डोकं दोन्ही हातांनी आहे तसंच स्थिर धरायचं, पाणीसुद्धा पाजायचं नाही, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवायचं. मानेत काही घुसलं असेल तर उपटू नका, बाजूने दाबून रक्त थांबवा.

हॉस्पिटलमध्ये आधी श्वास आणि बीपी सांभाळतात, कॉलर लावतात, मग सीटी स्कॅन, नसांना इजा झाल्याची शंका असली की एमआरआय. नुसते स्नायू ताणले असतील तर गोळ्या आणि हळूहळू हालचाल पुरते. मणका सरकला असेल तर वजन लावून ओढ देतात किंवा ऑपरेशन करून प्लेट-स्क्रू बसवतात, त्यानंतर फिजिओथेरपी कित्येक महिने चालते, ती मधेच सोडू नका. आणि हो, दुसऱ्या दिवशी हाताला मुंग्या आल्या तरी लगेच दाखवा.