पार्सल रवाना झाल्यावर कापले जाणारे जादा पैसे कसे टाळावेत

घरून साड्या, चपला, मसाले किंवा हाताने केलेले दागिने विकणारी अनेक मंडळी आज कुरिअर ॲग्रिगेटरच्या, म्हणजे अनेक कुरिअर कंपन्यांच्या सेवा एकाच ठिकाणी देणाऱ्या मध्यस्थाच्या, ॲपवरून पार्सलवर लावायचे लेबल काढतात. वॉलेटमधून पैसे कापले जातात, पार्सल पोहोचते, ग्राहकही समाधानी असतो; आणि मग काही दिवसांनी त्याच पार्सलपोटी ‘वजनातील तफावत’ या नावाखाली आणखी रक्कम कापली जाते. एका पार्सलवर मिळणारा नफाच मुळात शंभर-दीडशे रुपये असेल, तर अशी एक कपात तो सगळा नफा खाऊन टाकते. या कपातीचा मोठा भाग पार्सल हातात असतानाच रोखता येतो. त्यासाठी एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यायला हवी : लेबल काढताना दिसणारी रक्कम ही आपण भरलेल्या वजनावर आणि मापांवर बेतलेला अंदाज असते, आणि अंतिम आकारणी कुरिअर कंपनीच्या हबमध्ये, म्हणजे पार्सले एकत्र येतात त्या केंद्रात, होणाऱ्या मोजणीवरून ठरते.

आकारणीचे वजन आधी स्वतः काढा

कुरिअर कंपनी दोन वजने पाहते. एक काट्यावरचे प्रत्यक्ष वजन आणि दुसरे खोक्याने व्यापलेल्या जागेवरून काढलेले व्हॉल्युमेट्रिक वजन. या दोहोंपैकी जे जास्त, त्यावर पैसे लागतात. व्हॉल्युमेट्रिक वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ५००० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. काही कंपन्या, विशेषतः रस्तामार्गे जाणाऱ्या सेवांसाठी, याहून लहान भाजक वापरतात. भाजक जितका लहान, तितके वजन जास्त भरते, म्हणून आपल्या दरपत्रकात कोणता भाजक दिला आहे हे पाहिल्याशिवाय हिशेब करू नये.

कोल्हापुरी चपलांचा एक जोड ३० × २५ × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात घातला आणि काट्यावर ७०० ग्रॅम भरला, असे धरू. व्हॉल्युमेट्रिक वजन येते २.२५ किलो. आकारणी अर्ध्या किलोच्या स्लॅबने, म्हणजे वजन पुढच्या पूर्ण टप्प्यापर्यंत वाढवून, होत असेल, तर हे पार्सल एक किलोचे नव्हे, अडीच किलोचे धरले जाते. पहिल्या अर्ध्या किलोला ४५ रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा दर मानला, तर विक्रेत्याने ९४ रुपये ४० पैसे गृहीत धरलेले असतात आणि प्रत्यक्षात २१८ रुपये ३० पैसे जातात. तोच जोड ३० × २० × ८ सेंटिमीटरच्या खोक्यात बसवला, तर व्हॉल्युमेट्रिक वजन ०.९६ किलो, म्हणजे एक किलोच्या आतच राहते. चपला त्याच, ग्राहक तोच, फरक फक्त खोक्याचा.

खोके बंद केल्यावरच मोजा

बहुतेक तफावती इथे जन्माला येतात. खोक्याच्या दुकानात सांगितलेले माप अनेकदा आतल्या बाजूचे असते, तर हबमधली मोजणी बाहेरून होते. शिवाय बबल रॅप कोंबून भरला की झाकण मधोमध फुगते, आणि मोजणी जिथे खोके सर्वांत बाहेर आले आहे तिथपर्यंत धरली जाते. वरच्या उदाहरणात उंची ८ ऐवजी ९ सेंटिमीटर झाली, तर व्हॉल्युमेट्रिक वजन १.०८ किलो होते आणि पार्सल थेट दीड किलोच्या स्लॅबमध्ये जाते. एका सेंटिमीटरच्या फुगवट्याची किंमत एक पूर्ण स्लॅब आहे. म्हणून माल भरून, टेप लावून, पार्सल अगदी देण्याच्या स्थितीत आल्यावरच मोजपट्टी हातात घ्यावी आणि अपूर्णांक नेहमी वरच्या आकड्याला न्यावा. कपडे कुरिअर बॅगेत पाठवत असाल, तर बॅग बंद करण्यापूर्वी आतली हवा दाबून काढावी.

लेबलवर वजन मुद्दाम कमी दाखवण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. पकडले गेल्यावर फरक तर भरावाच लागतो, पण पुढे खरी तक्रार केली तरी आपल्या शब्दाला वजन राहत नाही.

पुरावा पिकअपच्या आधी तयार ठेवा

रिकामा काटा शून्य दाखवत असल्याची खात्री करून त्यावर लेबल लावलेले पार्सल ठेवावे आणि एडब्ल्यूबी नंबर (लेबलवरचा पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक) व काट्यावरचा आकडा दोन्ही एकाच चौकटीत वाचता येतील असा फोटो काढावा. मग लांबी, रुंदी आणि उंचीचा प्रत्येकी एक फोटो असा घ्यावा की मोजपट्टीचे शून्य खोक्याच्या कडेला टेकलेले दिसेल. लेबल न दिसणारा फोटो कितीही स्पष्ट असला, तरी तो याच पार्सलचा आहे हे सिद्ध होत नाही. एकच वस्तू एकाच खोक्यातून वारंवार पाठवणाऱ्यांसाठी काही ॲग्रिगेटर त्या वस्तूचे वजन आणि मापे आधीच मंजूर करून देतात. ही सोय असेल तर आवर्जून वापरावी.

कपात दिसताच हरकत घ्या

हरकत घेण्याची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते आणि ती उलटली की कपात मान्य असल्याचे धरले जाते. त्यामुळे ॲपमधले वजन-तफावतीचे पान आठवड्यातून किमान दोनदा उघडावे. हरकतीत भावना नकोत. भरलेली मापे, कंपनीने लावलेली मापे, फोटो आणि हबमध्ये घेतलेल्या मोजणीच्या छायाचित्राची मागणी एवढेच लिहावे. वीस-पंचवीस रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणून सोडून देणे मला पटत नाही, कारण एकाच वस्तूची चुकीची नोंद पुढच्या प्रत्येक पार्सलला चिकटू शकते.

परत येणारी पार्सले आणि इतर खर्च

कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल ग्राहकाने नाकारले, तर जाण्याबरोबर परत येण्याचाही खर्च सहसा विक्रेत्यावर पडतो. म्हणून अशी ऑर्डर आल्यावर, लेबल काढण्याआधी, ग्राहकाला फोन करून पत्ता, पिनकोड आणि खूण पक्की करून घ्यावी. ‘डिलिव्हरी झाली नाही’ असा संदेश आला, तर त्याच दिवशी पुन्हा प्रयत्नाची विनंती नोंदवावी. रद्द झालेल्या ऑर्डरचे लेबल पिकअपपूर्वी ॲपमध्येही रद्द करावे आणि पैसे वॉलेटमध्ये परत आले का ते पाहावे.

दर महिन्याला कुरिअरचे बिल आणि वॉलेटचा उतारा एडब्ल्यूबी नंबरनुसार समोरासमोर ठेवून तपासावा. नियमित पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या विक्रेत्याला कुरिअरवरील कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून त्या कराची वजावट, घेता येते, पण त्यासाठी बिलावर आपला जीएसटी क्रमांक असायला हवा.

पुरावा असूनही हरकत फेटाळली गेली, तर ॲग्रिगेटरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने लिहावे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून सर्वसाधारणपणे वगळलेल्या आहेत; केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यासाठी त्यात अपवाद आहे, पण कायद्याच्या शब्दांत तो खरेदी केलेल्या वस्तूंबाबत आहे, त्यामुळे सेवेला तो लागू होईलच असे नाही. तरीही घरून एकट्याने व्यवसाय चालवणाऱ्या विक्रेत्याने आपला व्यवसाय स्वयंरोजगाराचा असल्याचे मांडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक कंपनीला पाठवायच्या पुढच्या ईमेलमध्ये लिहावा.